वडील गोरेगावी, मुलगा साताऱ्याला



14 एप्रिल आला की आपल्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो, दोन-चार भाषणे होतात, मुले टाळ्या वाजवतात. भाषणात बाबासाहेब नेहमी मोठेच असतात. अंगात कोट, हातात पुस्तक, समोर संविधान. परंतु ते कधीतरी तुमच्यासारखे पाचवी-सहावीत होते, दप्तर घेऊन शाळेत जात होते, खोड्या करीत होते, आणि घरी वडील नाहीत म्हणून स्वतःच चूल पेटवीत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. या अंकात मी त्याच भीमाची गोष्ट सांगणार आहे. घरी सगळे त्याला भिवा म्हणत.

ही गोष्ट निवडण्याचे कारण तुम्हा सर्वांना माहीत आहे. आपला बालाघाट जिल्हा असा आहे की इथल्या पुष्कळ घरांत कमावणारा माणूस बाहेरगावी असतो. कोणी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत, कोणी भरवेली-उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत, कोणी जंगल खात्याच्या नौकरीत बैहरकडे, कोणी रेल्वेत, कोणी नागपूर नाही तर हैदराबादला. वडील महिन्यातून एकदा येतात, काहींचे दिवाळीलाच येतात. काही घरांत आई नौकरीनिमित्त दूर असते. अशा घरातली मुले शाळेत हसतात, खेळतात, पहिल्या बाकावर बसून उत्तरे देतात. त्यांच्याकडे पाहून कोणाला काही कळत नाही. भिवाही असाच होता.

महूपासून साताऱ्यापर्यंत

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. आज हे गाव आपल्या मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यात आहे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे फौजेत सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिकवीत असत. आईचे नाव भीमाबाई. मूळ गाव कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. भीमराव हे आईवडिलांचे चौदावे अपत्य. या चौदांपैकी पुढे हयात राहिली ती पाचच: बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन भाऊ, मंजुळा आणि तुळसा या दोन बहिणी. त्या काळी लेकरे कशी जात, हे एवढ्या एका आकड्यावरून समजावे.

वडील फौजेतून निवृत्त झाले तेव्हा भिवा अगदी लहान होता. कुटुंब आधी कोकणात दापोलीला गेले आणि मग साताऱ्याला आले, कारण रामजींना तिथे सरकारी बांधकाम खात्यात काम मिळाले. साताऱ्यातच भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. आईचा चेहरा नीट आठवावा एवढेही ते वय नव्हे.

घरात आता एकच वडीलधारी बाई उरली, ती म्हणजे रामजींची बहीण मीराआत्या. ती शरीराने खुजी होती, पायांनी अधू होती, कोणाच्या आधाराशिवाय तिला चालणे कठीण जाई. कधी कधी तिला उचलून न्यावे लागे. पण मायेला पाय लागत नाहीत. या आईविना लेकरांना तिने पोटाशी धरले आणि सर्वांत धाकट्या भिवावर तर तिचा फारच जीव होता.

चौघे मुले आणि एक पातेले

1899-1900 साली देशात मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मरू लागली. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने ठिकठिकाणी तलाव खोदण्याची कामे काढली. असेच एक काम सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, गोरेगाव येथे निघाले आणि रामजींना तिथे खजिनदार म्हणून पाठविण्यात आले. मजुरांच्या पगाराची रोकड ज्याच्या ताब्यात आहे, त्याला जागा सोडून जाता येत नाही. म्हणून रामजी गोरेगावी अडकले आणि मुले साताऱ्याला राहिली. मोटार नाही, टेलिफोन नाही. मधला दुवा काय तो पोस्टाचा.

साताऱ्याच्या त्या घरात भिवा होता, त्याचा मोठा भाऊ होता, वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले होती आणि आत्या होती. बाकीच्या बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. शेजारीपाजारी लक्ष ठेवीत, पण रोजचे जेवण कोण करणार? आत्याला ते झेपत नव्हते. तेव्हा ही चार मुले शाळाही करीत आणि स्वयंपाकही करीत. भाकरी काही त्यांना जमेना. पीठ मळून, थापून, तव्यावर टाकून ती फुगवणे हे लहान हातांचे काम नव्हे. मग त्यांनी सोपी युक्ती काढली. तांदूळ आणि मटण एकत्र करून पातेल्यात चढवायचे की झाला पुलाव. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच हे लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना त्यात कुठेही रडगाणे नाही. पुलाव सोपा होता म्हणून पुलाव खाल्ला, एवढेच.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण आई ड्यूटीवर असताना खिचडी लावतात हे मला ठाऊक आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. भारताचा पहिला कायदेमंत्री याच वयात पातेले ढवळत होता.

खोडकर आणि हट्टी

कोणी समजेल की आई नाही, वडील दूर, म्हणजे मुलगा कोपऱ्यात बसून राहत असेल. तसे मुळीच नव्हते. भिवा भांडखोर होता, खेळकर होता आणि एकदा मनात घेतले की ऐकत नसे. काही दिवस त्याला बागकामाचा नाद लागला, मग हातात येईल तो पैसा रोपांवर. पुढे तो नाद सुटला आणि बकऱ्या चारण्याचा लागला. अभ्यासाची पुस्तके मात्र तशीच पडून राहत. लाडक्या भाच्याचे हे चाळे पाहून आत्या कष्टी होई.

एकदा साताऱ्यात मुसळधार पाऊस पडत होता. भिवाने हट्टाने छत्रीशिवायच शाळेची वाट धरली आणि चिंब भिजून वर्गात उभा राहिला. पेंडसे नावाचे शिक्षक होते. त्यांनी आपल्या मुलाबरोबर भिवाला स्वतःच्या घरी पाठविले, गरम पाण्याने अंघोळ घालण्यास सांगितले आणि नेसायला एक लंगोटी दिली. भिवाला वाटले की आज शाळा बुडाली, बरे झाले. पण गुरुजींनी त्याला तसेच लंगोटीवर वर्गात आणून बसविले. तेव्हा मात्र हट्टी भिवा रडकुंडीला आला.

आणखी एका शिक्षकांची आठवण बाबासाहेबांनी जन्मभर जपली. त्यांचेही आडनाव आंबेडकर होते. मधल्या सुटीत भिवाला जेवायला घरी लांब जावे लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्याला देत. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांना प्रेमाचे पत्र पाठविले आणि ते पत्र बाबासाहेबांनी सांभाळून ठेवले होते.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवाचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरमध्ये त्याची नोंद 1914 क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर अशी आहे. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि 7 नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

शाळेतले गोणपाट

आता जी गोष्ट सांगायची ती सांगणे जड जाते, पण ती गाळून भिवाचे बालपण सांगितले तर ते खोटे होईल.

भिवा महार जातीचा होता. त्या काळी या जातीला अस्पृश्य मानीत. वर्गात तो इतर मुलांच्या रांगेत बसत नसे. कोपऱ्यात एक गोणपाटाचा तुकडा अंथरून त्यावर बसायचे आणि शाळा सुटली की तो तुकडा घरी न्यायचा, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. गुरुजींची परवानगी घ्यायची, मग शिपाई येऊन नळ उघडणार, तेव्हा पाणी. शिपाई नसला तर पाणीही नाही. साताऱ्यात न्हावी या मुलांचे केस कापीत नसे, म्हणून थोरली बहीण केस कापायला शिकली. धोबी कपडे घेत नसे, म्हणून बहिणीच कपडे धूत.

ज्या मुलाच्या घरी रोज संध्याकाळी वडील परत येतात, त्याला दिवसभराचा अपमान कुठेतरी सांगता तरी येतो. भिवाचे वडील कोसावर नव्हते, पार दुसऱ्या तालुक्यात होते.

मसूर स्टेशन, 1901

वडिलांनाही मुलांची आठवण येत होतीच. त्यांनी पत्र लिहिले की उन्हाळ्याच्या सुटीत तुम्हीच गोरेगावी या. कोणत्या दिवशी निघता ते कळवा, म्हणजे स्टेशनवर माझा शिपाई घ्यायला येईल. पत्र आले आणि घरात आनंदीआनंद झाला. वडील भेटणार हा एक आनंद, आणि आगगाडीत बसायला मिळणार हा दुसरा. यांतल्या एकानेही तोवर आगगाडी पाहिली नव्हती.

तयारी जोरात झाली. नवे विलायती कापडाचे शर्ट, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. आत्या मागे राहणार होती. मुले टांग्यात बसली तेव्हा ती धाय मोकलून रडत होती आणि मुले मात्र हरखून गेली होती. स्टेशन दहा मैलांवर. तिथे मोठ्या भावाने तिकिटे काढली आणि भिवाला व भाच्याला खर्चायला दोन-दोन आणे दिले. दोघांनी लागलीच लेमोनेडची एक-एक बाटली फोडली. वडिलांपासून इतके दिवस दूर राहिलेल्या मुलाचा हा खराखुरा आनंद होता. तो पुढे काय घडले त्यामुळे खोटा ठरत नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मुले मसूर स्टेशनवर उतरली. बाकीचे उतारू निघून गेले. मुले वाट पाहत राहिली. तासभर झाला, शिपाई काही आला नाही. स्टेशन मास्तरांनी विचारपूस केली. मुलांचे कपडे पाहून त्यांना ती चांगल्या घरची वाटली. पण मुलांनी आपली जात सांगितली आणि मास्तरांचा चेहराच बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण विटाळ होईल म्हणून एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार.

रात्र झाली. बरोबर शिदोरी होती, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दिसले ते शेणामुताने घाण झालेले. टोलनाक्यावर पाणी मागितले तर नाकेदाराने हाकलून लावले. नव्या टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे घातलेली ती मुले जेवण जवळ असूनही उपाशी आणि तहानलेली गाडीतच झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती गोरेगावी पोहोचली. त्यांना दारात पाहून वडील चकित झाले, कारण मुले निघाल्याचे त्यांना कळलेच नव्हते. पत्र गोरेगावी वेळेवर पोहोचले होते. ते शिपायाच्या हाती पडले आणि त्याने रामजींना दिलेच नाही.

तीसेक वर्षांनंतर बाबासाहेबांनी हा प्रसंग बारीकसारीक तपशिलासह इंग्रजीत लिहिला. त्यांच्या निधनानंतर तो वेटिंग फॉर अ व्हिसा या छोट्या पुस्तकात 1990 साली प्रसिद्ध झाला. नवव्या-दहाव्या वर्षी लागलेली तहान माणूस किती वर्षे लक्षात ठेवतो, हे त्यातून दिसते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांना बरोबर घेऊन त्यांनी ओंजळीने पाणी प्याले. इतिहासाच्या पुस्तकात याला सत्याग्रह म्हणतात. मला त्या ओंजळीत मसूरच्या वाटेवरचा मुलगाही दिसतो.

आत्याची थैली

पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवाच्या मनाला फार लागले. या घरात आपण कोणाच्या जिवावर राहायचे नाही, असे त्याने ठरविले. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागली होती, हे त्याने ऐकले होते. आपणही मुंबईला जायचे आणि गिरणीत पोऱ्या म्हणून राहायचे. पण गाडीभाडे कुठून आणणार?

आत्या कमरेला पैशाची थैली खोचून झोपत असे. भिवा तिच्याजवळच झोपे. तीन रात्री त्याने थैली काढण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. चौथ्या रात्री थैली हाती आली. उघडून पाहतो तो आत अर्धा आणा. त्यात मुंबई कुठली?

इथे भिवाला स्वतःची शरम वाटली. पळून जाऊन सुटका होणार नाही, हे त्याला कळले. त्याने उनाडक्या सोडल्या आणि अभ्यासाला लागला. शिकून लवकर मोठे व्हायचे आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे, हा त्याचा नवा बेत. शिक्षकांनाही बदल दिसू लागला. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच सांगितला, झाकून ठेवला नाही.

पालकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. मुलाने घरातले पैसे उचलले तर आपण आधी हात उगारतो. पैसे कशासाठी हवे होते, हे नंतर विचारतो किंवा विचारीतच नाही. भिवाला चैन करायची नव्हती. त्याला ते घर सोडायचे होते.

रात्री दोनला जागे करणारे वडील

आतापर्यंतच्या कथेवरून कोणाला वाटेल की रामजी बेफिकीर होते. तसे समजणे मोठा अन्याय होईल. ते शिस्तीचे, धार्मिक वृत्तीचे, कबीरपंथी गृहस्थ होते. घरी असत तेव्हा संध्याकाळच्या भजनाला सगळ्या मुलांनी बसलेच पाहिजे, हा नियम. मराठी, इंग्रजी आणि भाषांतराचा पाया त्यांनीच मुलांकडून पक्का करून घेतला. ते दूर गेले ते पोटासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी.

1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. तीच चूल, तीच बैठक, तेच झोपणे. भिवा आता एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. एवढ्या गर्दीत अभ्यास कसा व्हावा? रामजींनी उपाय काढला. भिवाने संध्याकाळी लवकर झोपायचे. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी. वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवीत आणि स्वतः त्याच्या जागेवर आडवे होत. चाळ झोपलेली असताना रॉकेलच्या दिव्याखाली भिवाचा अभ्यास चाले.

भिवाला पुस्तकांची भूक अनावर होती. पेन्शन महिन्याला पन्नास रुपये. पुस्तक मागितले की रामजी उठून दोन लेकींपैकी एकीच्या घरी जात आणि उसने पैसे मागत. तिच्याजवळ पैसे नसले तर लग्नात दिलेला तिचा एखादा दागिना मागून सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. पुस्तक मात्र त्याच दिवशी घरात येई. जे वडील साताऱ्यात नसत, त्यांनी मुंबईत ते दिवस असे भरून काढले.

घरात जागा नसल्याने भिवा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची नजर त्याच्यावर पडली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली आणि वाचायला पुस्तके दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिन्याला पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली तीही केळुसकरांच्या प्रयत्नामुळे.

सुरतचे स्टेशन

बी. ए. झाल्यावर जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नौकरीत रुजू झाले. आता मुलगा दूर आणि वडील घरी. काही दिवसांतच तार आली की रामजी अत्यवस्थ आहेत. भीमराव निघाले. वाटेत सुरतला गाडी थांबली तेव्हा वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. वडील जणू त्याच्यासाठीच थांबले होते. मुलाच्या पाठीवरून त्यांचा हात फिरला आणि थोड्या वेळात प्राण गेला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913.

एकदा पत्र पोहोचले नाही, एकदा गाडी चुकली. दूर राहणाऱ्या माणसांच्या घरात अशा लहान लहान गोष्टींना फार किंमत असते.

तेच पुन्हा

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. 1916 साली तिथून लंडनला गेले, 1917 मध्ये परतले, 1920 मध्ये पुन्हा लंडन, ते 1923 पर्यंत. घरी रमाबाई होत्या. त्याही लहानपणीच आईवडिलांना मुकलेल्या. तुटपुंज्या पैशांत त्यांनी संसार ओढला. त्यांची चार लेकरे बालपणीच गेली. 1926 मध्ये लाडका राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब पार खचले. पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव मोठे झाले. 27 मे 1935 रोजी रमाबाईंचेही निधन झाले.

म्हणजे ज्या मुलाने वडिलांची वाट पाहिली, तोच पुढे वाट पाहायला लावणारा पिता झाला. त्याला दुसरा मार्ग नव्हता असे आपण म्हणू शकतो, आणि ते खरेही आहे. पण त्यामुळे घरच्यांचे दुःख कमी झाले असे म्हणता येणार नाही. थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या घरच्यांनी भरलेली किंमतही लिहावी, असे मला वाटते.

त्या दिवसांची जाणीव त्यांच्या कामात उतरली. 20 जुलै 1924 रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिने सर्वप्रथम हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे 1925 च्या जानेवारीत सोलापूरला काढलेले वसतिगृह. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलाला झोपायला जागा, खायला अन्न आणि वाचायला दिवा लागतो. भाषणाने ते भागत नाही. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. शाळेत ज्याला नळाला हात लावू दिला नाही, तो ऑगस्ट 1947 मध्ये संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला आणि अस्पृश्यता संपविणारे 17 वे कलम त्या संविधानात आले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बुद्धाची पहिली ओळख त्यांना केळुसकर गुरुजींच्या त्या भेटीने झाली होती. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपण काय घ्यावे

विद्यार्थी मित्रांनो, वडील जवळ नाहीत म्हणून भिवा मोठा झाला, असा अर्थ कृपा करून काढू नका. वडील जवळ असते तर त्याला आनंदच झाला असता. तो तरला तो पुष्कळ हातांमुळे. अधू पायांची आत्या होती, केस कापणारी बहीण होती, डबा वाटणारे आणि गरम पाणी देणारे गुरुजी होते, बागेत विचारपूस करणारे केळुसकर होते आणि दूर असूनही पत्र लिहिणारे वडील होते. तुमच्याभोवतीही असे हात आहेत. त्यांच्याशी बोला. हसरे राहा, पण हसण्याच्या आड सगळेच लपवू नका.

बाहेरगावी असलेल्या पालकांना माझी विनंती आहे. आज मोबाईल आहे, मधला शिपाई राहिलेला नाही. फोन केला की आधी मार्क विचारू नका. आज डब्यात काय होते, कोणाशी भांडलास, कोणाबरोबर खेळलास, हे विचारा. मार्क आपोआप कळतील.

शिक्षक बंधू-भगिनींना आणि विश्वस्तांना एवढेच सांगतो की भिवाच्या साताऱ्यातल्या शाळेने त्याला दोन्ही गोष्टी दिल्या, गोणपाटाचा तुकडाही आणि गुरुजींच्या डब्यातली भाकरीही. दोन्ही त्याने जन्मभर लक्षात ठेवल्या. आपल्या शाळेतून बाहेर पडणारे मूल काय लक्षात ठेवील, हे आपल्याच हाती आहे.